ज्ञानदानाचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील

आपल्या धर्माने श्रावकाला चार दाने सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. या चारही दानांचा एकत्रित प्रत्यय एकाच व्यक्तीच्या जीवनात यावा, असे क्वचितच घडते. दक्षिण महाराष्ट्रातील एका जैन पाटील घराण्यात जन्मलेल्या आणि पुढे साऱ्या बहुजन समाजाचे अण्णा झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनात तसे घडले. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या थोर शिक्षकाचे पुण्यस्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे. त्यांच्या चरित्रात आपल्या समाजाला अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. त्याचबरोबर आपल्याला अंतर्मुख करील असा एक प्रसंगही त्यात आहे. तो वगळून त्यांचा गौरव केला, तर तो गौरव अपुरा राहील.

बालपण व संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे हे गाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते; आईचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदलीनुसार कुटुंबाचे बिऱ्हाड गावोगावी फिरे. त्यामुळे भाऊरावांचे बालपण एका जागी गेले नाही. पण खेड्यातले जीवन, शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि जातिभेदाचे चटके त्यांनी लहान वयातच जवळून पाहिले.

अंगाने धिप्पाड, स्वभावाने हूड आणि अन्याय दिसला की उसळून उठणारा असा हा मुलगा होता. अस्पृश्य मानलेल्या बायाबापड्या विहिरीपाशी पाण्यासाठी तिष्ठत उभ्या राहतात आणि कोणी त्यांच्या घागरीत पाणी ओतत नाही, हे पाहून संतापलेल्या बाल भाऊरावांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. पुढच्या सर्व कार्याचे बीज या बालसुलभ संतापात होते. मात्र मोडण्याचा हा आवेश पुढे उभारणीकडे वळला, हे त्यांच्या आयुष्याचे वैशिष्ट्य होय.

कोल्हापूरचे दिवस

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. खेड्यापाड्यांतील जैन मुलांना शिक्षणाची वाट खुली व्हावी, या उदात्त हेतूने समाजातील धुरीणांनी हे बोर्डिंग उभे केले होते. कै. अण्णासाहेब लठ्ठे हे त्याचे अधीक्षक होते. विद्वान, शिस्तप्रिय आणि समाजहितासाठी झटणारे म्हणून त्यांची ख्याती होती. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ नंतर मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही झाले. भाऊरावांचे मन पुस्तकापेक्षा तालमीत अधिक रमे. कुस्ती, मल्लखांब, पोहणे यांत ते अग्रेसर असत. अभ्यासात त्यांनी फारशी चमक दाखविली नाही आणि त्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही.

याच काळात, १९०८ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटन समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असा त्यांना आदेश झाला. माणसाच्या सान्निध्याने माणूस बाटतो, हे भाऊरावांना मान्य होईना. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

या प्रसंगाकडे आज आपण कसे पाहावे? त्या काळातील रूढींचा पगडा केवळ आपल्याच समाजावर होता असे नाही. लठ्ठे स्वतः सुधारणावादी होते आणि ब्राह्मणेतर चळवळीतील एक प्रमुख नेते होते. तरीही वसतिगृहाचे नियम रूढीच्या चौकटीतच होते. भगवान महावीरांच्या समवसरणात सर्व प्राणिमात्रांना स्थान होते, असे आपण श्रद्धेने सांगतो; परंतु आपल्याच बोर्डिंगच्या पंगतीत एका मुलाला एवढ्या कारणासाठी स्थान उरले नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या मुलाला शाहू महाराजांनी राजवाड्यावर आश्रय दिला. महाराजांच्या सहवासात भाऊरावांना वसतिगृहांचे महत्त्व उमगले. खेड्यातील गरीब मुलाला शाळेआधी दोन वेळचे जेवण आणि डोके टेकायला जागा हवी असते, हा धडा त्यांनी तेथे आत्मसात केला.

पाटील मास्तर

शिक्षण अर्ध्यावर सोडून भाऊराव घरी परतले. दरम्यान त्यांचा विवाह झाला होता. पत्नी लक्ष्मीबाई या सुखवस्तू जैन घराण्यातील, कर्मठ वातावरणात वाढलेल्या. संसाराची जबाबदारी अंगावर आल्यावर भाऊरावांनी सातारा गाठले आणि खासगी शिकवण्या सुरू केल्या. स्वतः परीक्षेत मागे पडलेला हा तरुण शिकविण्यात मात्र विलक्षण निष्णात ठरला. विद्यार्थ्याला कोठे अडते, हे त्यांना नेमके कळे; कारण ते स्वतः तेथे अडलेले होते. शिकवण्यांची संख्या वाढत गेली आणि साताऱ्यात ते पाटील मास्तर या नावाने ओळखले जाऊ लागले.

शिकवण्यांतून पोटापुरते मिळत होते. पण फी देऊ शकणाऱ्या घरांतील मुले कोणत्या ना कोणत्या मार्गाने शिकणारच होती. ज्यांच्या घरी पाटी घ्यायलाही पैसा नाही, त्यांचे काय, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करी. १९१० मध्ये सहकाऱ्यांच्या मदतीने दूधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू झाला. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहू लागली. पुढच्या मोठ्या कार्याची ही पहिली पायरी होती.

सत्याची कसोटी

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजप्रतिमेला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्या सुमारास लठ्ठे आणि कोल्हापूर दरबार यांच्यात दुरावा निर्माण झाला होता आणि संशय लठ्ठे यांच्यावर आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारा कोणीतरी पोलिसांना हवा होता. ज्याला लठ्ठ्यांनी बोर्डिंगबाहेर घालविले, तो भाऊराव पाटील त्यांच्याविरुद्ध आनंदाने साक्ष देईल, असा संबंधितांचा कयास असावा.

तो कयास साफ चुकला. खोटी साक्ष देण्यास भाऊरावांनी ठाम नकार दिला. त्यांना अटक झाली, मारहाण झाली, अतोनात छळ झाला. तो इतका असह्य झाला, की कोठडीत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. एका खोट्या वाक्यात सुटका होती. ते वाक्य त्यांनी उच्चारले नाही. अखेर त्यांची मुक्तता झाली.

सत्याणुव्रताची व्याख्या आपण शास्त्रसभेत ऐकतो. पण ज्याने आपला अपमान केला त्याच्याच रक्षणासाठी, अंगावर मार झेलत, असत्य न बोलणे हे व्रत आचरणात आणणारा श्रावक विरळा. या प्रसंगाची आणखी एक बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. हा छळ कोल्हापूर संस्थानात झाला होता. तरीही भाऊरावांनी शाहू महाराजांविषयीची कृतज्ञता कधी कमी होऊ दिली नाही. दहा वर्षांनी साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, ते पुढे शाहू महाराजांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. ज्यांनी बाहेर काढले त्यांच्याविरुद्ध ते खोटे बोलले नाहीत आणि ज्या दरबाराच्या पोलिसांनी छळले त्या दरबाराच्या राजाचे उपकार ते विसरले नाहीत. दशलक्षण धर्मात उत्तम क्षमेला पहिले स्थान का, याचे उत्तर या दोन गोष्टींत मिळते.

रयतेची संस्था

पुढील काही वर्षे भाऊरावांनी ओगले काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचा लोखंडी नांगर यांच्या विक्रीसाठी गावोगावी भ्रमंती केली. व्यवसायात त्यांना यश मिळत होते. पण या भटकंतीत त्यांनी माल खपविला त्यापेक्षा माणसे अधिक जोडली. खेड्यांतील अज्ञान, सावकारी आणि व्यसने यांचे मूळ निरक्षरतेत आहे, ही महात्मा फुले यांची शिकवण त्यांना प्रत्यक्ष अनुभवातून पटत गेली. ते सत्यशोधक समाजाच्या कार्यात उतरले.

सातारा जिल्ह्यातील काले येथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विचार तेथे पक्का झाला. त्यानुसार ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले. संस्थेचे बोधचिन्ह म्हणून भाऊरावांनी वटवृक्ष निवडला. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचाच नवा बुंधा होतो. शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तसेच दुसऱ्याला आधार द्यावे, ही त्यामागील भावना होती.

शाहू बोर्डिंग आणि लक्ष्मीवहिनी

१९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेले वसतिगृह हा भाऊरावांच्या जीवनकार्याचा गाभा होय. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशा सर्व जातिधर्मांची मुले येथे एकत्र राहत. कोणाला जात विचारून वेगळे ताट वाढले जात नसे. मुलेच पाणी भरीत, दळण दळीत, भाकऱ्या थापीत आणि शेतात राबत. पालकांकडे रोकड नसेल तर धान्य चाले आणि धान्यही नसेल तर मुलाची काम करण्याची तयारी पुरेशी होई. गावोगावच्या मायमाउलींनी रोज मूठभर धान्य बाजूला काढून दिलेल्या मुष्टिफंडातूनही ही पंगत चाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी येथे भेट दिली. सर्व जातींची मुले एका छपराखाली नांदताना पाहून त्यांना समाधान वाटले आणि त्यांच्याच हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

कोल्हापूरच्या बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने आपल्या अपमानाला दिलेले उत्तर ते हेच. त्यांनी कोणावर टीकेची झोड उठविली नाही. ज्या पंगतीतून कोणीही उठविला जाणार नाही अशी पंगत त्यांनी मांडली.

या पंगतीची अन्नपूर्णा म्हणजे लक्ष्मीबाई. मुलांच्या त्या वहिनी होत्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या स्त्रीला अस्पृश्य मुलांना स्वतःच्या स्वयंपाकघरात घेणे सुरुवातीला किती जड गेले असेल, याची कल्पना आपल्या आजी-पणजींना आठवून करता येईल. परंतु मुलांच्या भुकेल्या चेहऱ्यांपुढे त्यांचे सोवळे गळून पडले. आजारी मुलांच्या उशाशी त्या रात्र रात्र बसत. वसतिगृहाचा खर्च भागेना, तसे माहेरहून आलेले त्यांचे सोन्याचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव परगावी असताना कोठारातील धान्य संपले. जवळ दुसरे काही उरले नव्हते, तेव्हा वहिनींनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांचे जेवण चुकू दिले नाही. त्या काळातील सौभाग्यवती स्त्रीच्या दृष्टीने या त्यागाची किंमत सोन्याच्या भावात मोजता येणार नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांचा संसार तेथे संपला. वसतिगृह मात्र चालू राहिले. आपल्या समाजात अपरिग्रहावर प्रवचने होतात तेव्हा या माउलीचे नाव घेतले जावे, असे मनापासून वाटते.

शिक्षकांचे शिक्षक

१९३२ मध्ये, पुणे कराराच्या स्मरणार्थ, पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. वसतिगृहे वाढली, तशी शाळांची उणीव जाणवू लागली. शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत. शहरातील शिक्षक खेड्यात टिकत नाही, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. हेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. शिक्षकाला पाठ घेता आला पाहिजेच. पण त्याला कुदळ धरता आली पाहिजे, गावकऱ्यांशी बोलता आले पाहिजे आणि मुलाच्या घरची चूल पेटली की नाही हे कळले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असे. तालमीतील वस्ताद जसा पठ्ठ्याकडून आधी स्वतःच्या देखत मेहनत करवून घेतो आणि मग आखाड्यात सोडतो, तशी त्यांची रीत होती. रागावले तर काठी उगारीत. पण त्याच मुलाच्या अंगावर रात्री स्वतःची घोंगडी पांघरीत.

सरकारी शाळा जेथे पोचली नव्हती, अशा वाड्यावस्त्यांवर त्यांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या. साताऱ्याजवळील यवतेश्वरच्या डोंगरावरून या उपक्रमास आरंभ झाला आणि पाहता पाहता अशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या. कधी देवळात, कधी चावडीत, कधी झाडाखाली वर्ग भरत. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहण्याची सोय आहे, मोबदल्यात श्रम करावयाचे, अशी तेथील व्यवस्था होती. हीच कमवा आणि शिका योजना. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात त्यांनी ती महाविद्यालयीन शिक्षणालाही लागू केली. दिवसा वर्गात बसणारे विद्यार्थी उरलेल्या वेळात खडी फोडीत, शेत नांगरीत, इमारतीच्या भिंती उचलीत. भिक्षा मागून शिकल्याची लाज आणि शिकल्यावर श्रमाची लाज, या दोन्ही लाजा या योजनेने घालविल्या.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील हे बोर्डिंगच्या पंगतीतून विलायतेपर्यंत गेले, परत येऊन संस्थेच्याच सेवेत राहिले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वडाची पारंबी जमिनीला टेकण्याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

अखेरचे पर्व

१९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. भाऊरावांना त्याचा तीव्र आघात बसला. गांधीजींच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प केला. स्पष्टवक्तेपणामुळे त्यांच्यावर सरकारची नाराजी ओढवली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. परंतु रयत पाठीशी उभी राहिली, संत गाडगे महाराजांसारख्या लोकसंताचा शब्द कामी आला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघाले, तर १९५५ मध्ये साताऱ्यात मौलाना आझाद यांच्या नावाने शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय सुरू झाले.

या नावांकडे एकवार नीट पाहावे. शाहू, फुले, सयाजीराव, शिवाजी, गांधी, गाडगे महाराज, आझाद. संस्थेवर स्वतःचे वा स्वतःच्या घराण्याचे नाव घालण्याचा मोह भाऊरावांना झाला नाही. अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी, एवढाच त्यांचा थाट होता. कर्मवीर ही पदवी त्यांना लोकांनी दिली. जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या पाटील मास्तरांचा विद्यापीठाने केलेला हा सत्कार होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, शंभराहून अधिक हायस्कुले आणि तीन महाविद्यालये होती. २०१९ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली.

आपल्यासाठी

भाऊरावांनी केलेले आहारदान शाहू बोर्डिंगच्या पंगतीत दिसते. वहिनींनी मुलांच्या उशाशी काढलेल्या रात्री हे औषधदान होय. ज्ञानदानाविषयी वेगळे सांगावयास नको. पण या सर्वांत श्रेष्ठ होते ते अभयदान. तू कोणत्याही घरातला असलास तरी तुला येथून कोणी उठविणार नाही, हा भरवसा त्यांनी हजारो मुलांना दिला. तो भरवसा त्यांना स्वतःला एका रात्री मिळाला नव्हता, म्हणूनच त्याचे मोल त्यांना ठाऊक होते.

आज आपला ट्रस्ट पन्नास वर्षांचा टप्पा पार करीत आहे. मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, विद्यार्थ्यांना साहाय्य अशी कार्ये समाजातील दानशूरांच्या सहकार्याने होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारावा. आपल्या दारी शिक्षणासाठी मदत मागावयास आलेला मुलगा जर आपल्या पंथाचा, आपल्या गावाचा वा आपल्या धर्माचा नसेल, तर आपण त्याला काय उत्तर देतो? पर्युषणानंतर आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या सर्व जीवांत तोही येतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखाद्या शिष्यवृत्तीचा दरवाजा जरी सर्वांसाठी उघडला गेला, तरी ते कर्मवीरांना केलेले खरे अभिवादन ठरेल आणि कोल्हापूरच्या त्या जुन्या रात्रीची आपल्या समाजाने केलेली क्षमापनाही ठरेल.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि सौभाग्यवती लक्ष्मीबाई यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!

जय जिनेंद्र!